हरलेलं घरी सांगायचं कसं

१९८५ सालचा एप्रिल. मी बारा वर्षांची होते. सकाळी पडवीत आले तर आमच्या कलमांवर अनोळखी माणसं चढलेली, हातात झेले, खाली पेंढा पसरलेला. आई विहिरीवरून घागर घेऊन येत होती. तिला चोर वाटले. ती ओरडली तसा खाली उभा असलेला माणूस शांतपणे म्हणाला, "वैनी, तीन वर्सांचो खंड दिलेलो हा. त्येंका इचारा."

आमची सातच कलमं होती, देवगड हापूसची. त्या सातांचं तीन वर्षांचं पीक बाबांनी पैसे आगाऊ घेऊन देऊन टाकलं होतं आणि ते पैसे मटक्याच्या आकड्यावर गेले होते. आईला हे कळलं ते आंबे उतरवणाऱ्यांकडून. पैसे गेल्याचं तिनं पुढे सोसलं. परक्या माणसाच्या तोंडून कळल्याचं मात्र ती शेवटपर्यंत विसरली नाही.

बाबा लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि वर्षभरानं आम्ही सगळी गावी आलो. आकडा ते तिथूनच घेऊन आले. गिरणगावात मटका चहासारखा रोजचा होता. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडला, किती बंद झाला यावर पैसे लागायचे. ते भाव येणं थांबलं तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले, नंतर पत्ते आले. मडकं गेलं तरी मटका हे नाव राहिलं. बाबांनी मला बेरीज शिकवली ती यावरच. तीन पत्ते निघाले, ३, ५ आणि ६. बेरीज चौदा, म्हणून ओपन चार. मग रात्री पुन्हा तीन पत्ते, २, ८, ८. बेरीज अठरा, क्लोज आठ. जोडी झाली अठ्ठेचाळीस. मी बोटं न मोजता सांगायचे आणि बाबा खूश व्हायचे. गणिताची गोडी मला अशी लागली, हे लिहिताना आजही जीव थोडा खालीवर होतो.

त्यांनी सत्तेचाळीस लावलेला असायचा आणि अठ्ठेचाळीस यायचा. "एका घरान हुकलो," ते म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा हरलेल्या माणसाचा नसायचा, थोडक्यात जिंकता जिंकता राहिलेल्या माणसाचा असायचा. अठ्ठेचाळीस आल्यावर सत्तेचाळीस आणि तीन सारखेच लांब असतात. पण मनाला सत्तेचाळीस जवळचा वाटतो. आता मोबाइलवरचे खेळ नेमकी हीच जागा धरून बनवलेले असतात. तीन सारखी चित्रं यायची तिथे दोन येतात आणि तिसरं रेषेच्या जरा वर थांबतं.

अकरावीला सायन्सला गेल्यावर मी एकदा धीर करून त्यांच्यासमोर कागद मांडला. जोड्या शंभर. लागली तर रुपयाला नव्वद. समजा शंभरही जोड्यांवर एकेक रुपया लावला, तर शंभर जाणार आणि नव्वद येणार. म्हणजे नेहमी, कुणीही, कसाही खेळला तरी शंभरातले दहा टपरीवरच राहणार. बाबांनी कागद नीट पाहिला. म्हणाले, "ता माका म्हायत हा गो. पण आता थांबलंय तर गेलेले कायमचे गेले ना."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. कळायला पस्तीस वर्षं लागली.

मी आता माध्यमिक शाळेत गणित शिकवते. अठ्ठावीस वर्षं झाली. दहावीच्या बीजगणितात पाचवं प्रकरण संभाव्यतेचं आहे. नाणी, फासे, बावन्न पत्ते, पिशवीतले रंगीत चेंडू. ते मी नेहमी जीव ओतून शिकवत आले. मनात असायचं की ज्या पोरांना हे कळलं ती आकड्याच्या टपरीवर जाणार नाहीत. लहानपणी देवीची लस टोचायचे तसं काहीसं.

मग २०२४ च्या गणपतीआधी दोन दिवस एक बाई माझ्या पडवीत येऊन बसली. तिच्या मुलाला मी दहावीत शिकवलं होतं. गणितात शंभरात ब्याण्णव. आयटीआय करून तो बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवतात आणि हातात वेळच वेळ. त्या पावसात त्यानं मोबाइलवर पत्ते खेळायला सुरुवात केली. पहिल्या चार दिवसांत अठराशे जिंकला. मग चार हजार गेले. अकरा आठवड्यांत गेले एक लाख अडतीस हजार. त्यात वडिलांनी आंब्याचे म्हणून त्याच्या खात्यात ठेवलेले पैसे होते, आणि मोबाइलवरून मिनिटांत मिळणारं कर्ज होतं. वसुलीवाल्यांनी त्याच्या फोनमधल्या नंबरांवर फोन लावायला सुरुवात केली तेव्हा घरी कळलं. पुन्हा परक्या माणसाकडूनच.

दुसऱ्या दिवशी तो आला. मान खाली. मी कागद-पेन घेऊनच बसले होते. माझी खोड ती. तो म्हणाला, "बाईनू, ह्यो नशिबाचो खेळ नाय. डोक्याचो हा. कोर्टानच सांगल्यान हा." खरं होतं ते. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं होतं. मी म्हटलं, बरं, कौशल्याचा. समज तू आणि तुझ्याइतकाच हुशार दुसरा, दोघं बसलात. प्रत्येकी पन्नास टाकले. शंभरातले दहा चालवणाऱ्यानं कापले, जिंकणाऱ्याला नव्वद. वीस डाव झाले, दहा तू जिंकलास, दहा त्यानं. तुझे हजार गेले, नऊशे आले. त्याचेही हजार गेले, नऊशे आले. दोघंही सारखे हुशार आणि दोघंही शंभरानं खाली.

"म्हायत हा, बाईनू," तो म्हणाला. "पयले चार हजार गेले तेव्हाच म्हायत होता. बाकीचे ते परत आणूक गेले." आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "जवसर घराक सांगूक नव्हतंय, तवसर ते गेले असा वाटाचाच नाय."

मी पेन खाली ठेवलं. बाबांनी कागद पाहून जे म्हटलं होतं, तेच हा मुलगा मला दुसऱ्या शब्दांत सांगत होता. दोघांनाही गणित येत होतं. पैसे गेले आहेत हे कुणासमोर उच्चारायचं मात्र दोघांनाही येत नव्हतं. न सांगितलेली हार ही अजून पुरती हार नसते, ती एक डाव खेळून मिटवता येईल अशी वाटत राहते. पहिले चार हजार गेले त्या रात्री जेवताना तो आईला म्हणाला असता, तर चार हजारांवर भागलं असतं का? मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण ते अकरा आठवडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी नववीच्या वर्गात एक प्रयोग केला. आमच्याकडे तेव्हा जत्रांचे दिवस सुरू होतात. देवळासमोर दशावतार रंगलेला असतो आणि मागच्या काळोखात, कंदिलाच्या उजेडात, कुठेतरी पट मांडलेला असतो. गोव्याकडे त्याला गडगडो म्हणतात. सहा चित्रांचा कापडी पट: बदाम, इस्पिक, चौकट, किलवर, मुकुट, झेंडा. तीन फासे, त्यांच्यावर तीच सहा चित्रं. आपल्या चित्राचा एक फासा पडला तर लावले तितके मिळतात, दोन पडले तर दुप्पट, तीन पडले तर तिप्पट. गावच्या सुताराकडून मी तीन मोठे लाकडी ठोकळे करून घेतले, मुलांनीच त्यांवर चित्रं रंगवली. पैशाच्या जागी चिंचोके. वर्गात अठ्ठावीस मुलं, प्रत्येकाला वीस.

आधी विचारलं, तुमचं चित्र पडायची शक्यता किती? सगळा वर्ग एका सुरात: निम्मी! चित्रं सहा, फासे तीन. मोठी माणसंही हेच म्हणतात, आणि पटवाल्याचं पोट या एका उत्तरावर भरतं. मग आम्ही फळ्यावर मोजलं. तीन फासे पडायच्या एकूण २१६ तऱ्हा. त्यातल्या १२५ मध्ये तुमचं चित्र एकदाही नाही. ७५ मध्ये एकदा, १५ मध्ये दोनदा, एका तऱ्हेत तिन्हीवर. २१६ चिंचोके लावलेत तर १२५ गेले, आणि जिंकलेले ७५ अधिक ३० अधिक ३, म्हणजे १०८. सतरा चिंचोके पटवाल्याचे. शंभराला जवळजवळ आठ.

पहिल्या तासाला नियम होता, एका वेळी एकच चिंचोका. पन्नास फेक झाले. आठ मुलं वीसच्या वर होती, बाकीची खाली, आणि पटवाली मुलगी ११७ नं पुढे. फळ्यावरचं गणित तिच्या ओंजळीत दिसत होतं. मला फार आनंद झाला.

दुसऱ्या तासाला म्हटलं, आता हवे तितके लावा. तेव्हा वर्गाचा रंगच बदलला. बदाम दहा वेळा पडला नव्हता, तर मागच्या बाकावरून ओरडा, "आता बदामच येतलो!" ठोकळ्याला मागचं काही आठवत नसतं हे मी मघाशीच शिकवलं होतं. मी त्यांना माँटे कार्लोची गोष्ट सांगितली. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री तिथल्या कॅसिनोत चकतीवर लागोपाठ सव्वीस वेळा काळाच रंग पडला, आणि आता तांबडा येणारच म्हणून लोकांनी दर वेळी वाढवून पैसे लावले आणि घालवले. मुलांनी गोष्ट मन लावून ऐकली आणि पुन्हा बदामावर चिंचोके ठेवले. अर्ध्या तासात अकरा जणांचे हात रिकामे.

मग मी नेहमीसारखं म्हटलं, चला, सांगा कोणाकडे किती उरले, फळ्यावर लिहू या. वर होते त्यांचे हात ताडकन वर. बाकीचे इकडेतिकडे बघायला लागले. एक मुलगी, वर्गात कधी खोटं न बोलणारी, म्हणाली, "बारा." मी सहज तिच्या बाकाजवळ गेले. चार होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणखी एका मुलानं मधल्या सुट्टीत शाळेमागच्या चिंचेखाली जाऊन खिसा भरून आणला होता, कमी दिसू नयेत म्हणून. चिंचोके होते ते! चुलीत टाकायचे चिंचोके, आणि हरलो म्हणायची लाज इतकी की चोरी आणि खोटं दोन्ही एका तासात वर्गात आलं. मी त्या मुलीला जवळ घेतलं. तिची काही चूक नव्हती. इतकी वर्षं मी मुलांना खेळू नका एवढंच शिकवत होते. खेळून बसलात आणि हरलात तर काय करायचं, हा धडा मी कधी घेतलाच नव्हता.

या समुद्रावर हरणं काही नवं नाही. रापण ओढली आणि जाळ्यात नुसता केर आला तर माणसं किनाऱ्यावरच मोठ्यानं सांगतात, आज काय नाय गावला. फेब्रुवारीत अवेळी पाऊस पडून मोहोर काळा पडला की तिठ्यावर दिवसभर तोच विषय असतो. कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. जुगारातलं हरणंच तेवढं पोटात ठेवायचं, कारण ते सांगितलं की आधी शिवी, मग थप्पड आणि मग वर्षभर टोमणे. मुलांना हे पुरतं माहीत असतं.

म्हणून आता माझे या विषयाचे चार तास असतात आणि त्यातला गणिताचा एकच. एका तासाला मुलं जोडीजोडीनं उभी राहतात. एक जण मूल, एक जण आई किंवा बाप. मुलानं एवढंच म्हणायचं, "माझे दोन हजार गेले. ते तुमचे होते." पहिल्या वेळी एकाच्याही तोंडून हे वाक्य सरळ निघालं नाही. कोणी हसलं, कोणी "मित्राचे गेले" म्हणालं, कोणी "मोबाइल हॅक झालो" म्हणालं. तिसऱ्या-चौथ्या वेळी निघतं. आईबापाचं काम करणारी मुलं काय बोलतात ते ऐकताना मला घराघरांतले आवाज ऐकू येतात. एकानं नुसताच हात उगारला आणि मग स्वतःच खाली बसला.

यावर हरकत आली. एका पालकानं सभेत उभं राहून म्हटलं, "बाईनू, तुम्ही पोरांक पट खेळूक शिकवतास." हरकत रास्त होती. दुसऱ्या तासाचा तो मोकळा डाव मी नंतर बंद केला, कारण जिंकलेल्या दोन मुलांच्या डोळ्यांतली चमक मलाच आवडली नव्हती. पहिली जीत ही सगळ्यांत वाईट. त्या इंजिनवाल्या मुलाचे अठराशे आठवा. आता ठोकळे फक्त मीच टाकते आणि सगळा वर्ग मिळून हिशेब लिहितो.

पण पालकांना मी सभेत सांगितलंच, तुमच्याशिवाय हे अर्धं आहे. मूल सांगायला आलं तर त्या रात्री हात उचलू नका. तीनच गोष्टी विचारा: किती गेले, कोणाचे गेले, आणि अजून कोणाचं देणं आहे का. आणि सगळं देणं गुपचूप एका दमात फेडून मोकळे होऊ नका. आमच्या आजीनं बाबांसाठी दोनदा फेडलं, पाटल्या मोडून, आणि दोन्ही वेळा त्यांना पुन्हा खेळायला जागा झाली. मुलाला शेजारी बसवून यादी करा, त्याच्या कमाईतून हप्ता ठरवा, काही महिने खातं दोघांच्या नजरेखाली ठेवा. एवढ्यावर भागत नसेल तर तो आजार आहे असं समजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन दारूच्या व्यसनाच्याच प्रकरणात आहे. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावता येतो, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हा नंबर मी वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि कुणाला पुसू देत नाही.

गेल्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. मला तो मनापासून हवा होता. पण मुलांना मी त्यातली दुसरी गोष्ट मुद्दाम सांगते: त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे सांगावं लागतं, कारण पोलिसांच्या धाकानंही पोरं गप्प राहतात. टपरीवरचा आकडा आणि जत्रेतला पट यांची गोष्ट वेगळी, तिथे १८८७ चा जुना कायदा आहे आणि तो खेळणाऱ्यालाही धरतो. कायदे असूनही आकडा अजून लागतो, आणि परदेशातून चालणाऱ्या साइटच्या लिंका पोरांच्या फोनवर येतच असतात. सातवीतल्या मुलांच्या गेममध्येही आत काय निघेल ते न सांगता पैसे घेऊन उघडायच्या पेट्या असतात. त्याबद्दल पुन्हा कधीतरी नीट लिहीन.

तो इंजिनवाला मुलगा अजून हप्ते फेडतोय. मी बोलावलं की वर्गात येतो. भाषण करत नाही. कोणत्या दिवशी किती गेले आणि त्या रात्री घरी काय जेवला, एवढंच सांगतो. गेलेले आकडे त्याला तारखेनिशी पाठ आहेत. वर्ग त्या वेळी जसा शांत असतो तसा माझ्या कुठल्याच तासाला नसतो.

यंदा आमच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठवीतला एक मुलगा शाळेच्या फाटकापाशी माझी वाट बघत उभा होता. रात्रभर दशावतार बघून डोळे तांबडे.

"बाईनू, तीस रुपये गेले. पटार."

"कोणाचे होते?"

"आयेन दिलेले. खाजो घेवक."

"घरी सांगितलंस?"

"सांगलंय. रातीच, देवळातच सांगलंय."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, गेले ते गेले, पण आता खाजो गावाचो नाय." आणि दप्तर सावरून तो वर्गाकडे पळाला.